विश्लेषण : स्वतः घर सोडून बेघरांना छप्पर देणारे गाडगेबाबा, त्यांच्यानंतरचे कायदे बेघरांकडे कसे पाहतात?

आषाढी वारीच्या दिवसांत संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती ओलांडून इंदापूर तालुक्यात येते. सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी अशा गावांमधून ती अकलूजकडे जाते. त्या आठवड्यात कळसपासून इंदापूरपर्यंत सगळ्या तालुक्याची लगबग सुरू असते. शाळांचे व्हरांडे, देवळांचे सभामंडप, रस्त्याकडेचे तंबू, कुणाची पडवी, कुणाचे अंगण, जिथे जागा मिळेल तिथे वारकरी पाठ टेकतात. कुणी कुणाला आधार कार्ड मागत नाही. गाव कुठले, जात कुठली, हेही कुणी विचारत नाही.

पालखी पुढे गेल्यावर त्याच व्हरांड्यात एखादा म्हातारा एकटाच झोपलेला दिसला, तर चौकशी सुरू होते. कोण आहे, कुठून आला, पोलिसांना कळवायचे का? काल वारकरी म्हणून ज्याचे पाय धरले, तोच माणूस आज संशयित ठरतो. अशा माणसाचे काय करायचे, या प्रश्नाला महाराष्ट्रात दोन उत्तरे मिळाली. एक कायद्याने दिले, तर दुसरे ज्याच्या स्वतःच्या डोक्यावर छप्पर नव्हते अशा गाडगेबाबांनी.

गाडगेबाबा बेघर का झाले?

गाडगेबाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील दारूच्या व्यसनात गेले, तेव्हा डेबूजी लहान होते. घराचा आधार गेल्यावर आई सखुबाई मुलाला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे माहेरी आल्या. आजोळी डेबूजींनी गुरे राखली, नांगर धरला आणि मामांच्या शेतात राबून पीक काढले.

पण ती जमीन टिकली नाही. मामांनी सावकाराकडून कर्ज घेतले होते. हिशेब कागदावर होता आणि घरात कागद वाचणारे कुणी नव्हते. जमीन सावकाराच्या घशात गेली. अक्षरओळख नसली की डोळ्यांदेखत शेत जाते, हे डेबूजींनी स्वतःच्या घरात पाहिले. पुढे आयुष्यभर कीर्तनातून ते कर्ज काढू नका, दारू पिऊ नका, मुलांना शिकवा, हेच सांगत राहिले. त्यामागे घरात सोसलेले हे दोन अनुभव होते.

१८९२ मध्ये त्यांचे कुंताबाईंशी लग्न झाले. मुलीच्या बारशाला जातभाईंना मटण-दारूचे जेवण देण्याची रीत होती. डेबूजींनी ती मोडून गोड जेवण घातले. जातपंचांची नाराजी त्यांनी पत्करली, पण सणासाठी कर्ज काढले नाही.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. वय २८ होते. मागे आई, पत्नी आणि मुले होती. हा निर्णय घरच्यांसाठी सोपा नव्हता. कुंताबाईंना पुढचे आयुष्य कष्टात काढावे लागले, हे त्यांच्या चरित्रातले अवघड पान आहे आणि ते झाकून ठेवण्याचे कारण नाही.

रस्त्यावरचा माणूस कसा दिसत होता?

अंगावर चिंध्या जोडून केलेला कपडा, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हातात काठी किंवा खराटा आणि डोक्यावर मातीच्या मडक्याचे खापर. तेच खापर उलटे केले की जेवणाचे ताट होई. या गाडग्यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले.

अनोळखी गावात शिरले की ते आधी रस्ते झाडायला लागत. कुणी वेडा समजून हुसकावत, कुणी भाकरीचा तुकडा देत. भाकरी फुकट मात्र ते घेत नसत. लाकूड फोडून द्यायचे, गोठा साफ करायचा, मग खायचे. दिवसा गाव झाडून झाले की रात्री त्याच गावात कीर्तन. त्यात देव-देवस्कीपेक्षा स्वच्छता, शिक्षण, दारूबंदी आणि अस्पृश्यता हे विषय असत. लोकांना प्रश्न विचारायचे, त्यांच्याकडूनच उत्तर काढून घ्यायचे, अशी त्यांची पद्धत होती.

मुक्कामाला त्यांना ओसरी, झाड, देऊळ किंवा नदीचा घाट, काहीही चाले. म्हणजे उघड्यावर थंडीत, पावसात झोपणे काय असते, हे त्यांना ऐकून माहीत नव्हते. ते रोजचे जगणे होते. त्यांच्या पुढच्या कामाची दिशा इथूनच ठरली.

मंदिर नको, धर्मशाळा हवी, असे त्यांना का वाटले?

अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीकाठी ऋणमोचन येथे यात्रा भरते. तिथे येणाऱ्या गरिबांची, अपंगांची आणि आजाऱ्यांची आबाळ गाडगेबाबा पाहत होते. घाट, अन्नदान आणि निवारा यांची सोय करण्यापासून त्यांच्या बांधकामांना सुरुवात झाली. नंतर हेच काम ते मोठ्या तीर्थक्षेत्री घेऊन गेले.

पंढरपुरात वारीच्या काळात लाखो लोक येत. ज्याच्याकडे पैसा किंवा ओळख आहे, त्याला मठात, वाड्यात जागा मिळे. बाकीचे वाळवंटात झोपत. अस्पृश्य समाजातील वारकऱ्यांना तर पैसे असूनही कुणी आत घेत नसे. त्यांच्यासाठी गाडगेबाबांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभी केली. मग मराठा धर्मशाळा झाली. नाशिक, आळंदी, त्र्यंबकेश्वर, देहू येथेही इमारती उभ्या राहिल्या.

धर्मशाळेसाठी निवडलेल्या जागा पाहिल्या की त्यांचा हिशेब लक्षात येतो. गरीब माणूस घर सोडून कुठे अडकतो? यात्रेच्या गावी आणि मोठ्या रुग्णालयाच्या दारात. त्यामुळे मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ त्यांनी धर्मशाळा बांधली. खेड्यातून रुग्णाला घेऊन आलेले नातेवाईक पदपथावर स्टोव्ह पेटवून दिवस काढत. त्यांना स्वयंपाकाला जागा आणि रात्री पडायला छप्पर मिळाले. दादरला आजही त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक राहतात.

पैसा कुठून आला आणि मालकी कुणाची?

गाडगेबाबांना लिहिता-वाचता येत नव्हते, तरी लाखोंच्या इमारती उभ्या राहिल्या. पैसा लोकवर्गणीचा होता. कीर्तनाला जमलेले शेतकरी, गिरणी कामगार, व्यापारी देणगी देत. बाबा त्या पैशाला हात लावत नसत. ती रक्कम थेट विश्वस्तांकडे जाई आणि हिशेब लेखी राहत असे. सावकाराच्या कागदाने मामांची जमीन गेली होती. इथे बाबांनी कागदाचा उपयोग उलटा करून घेतला.

धर्मशाळांवर आपल्या नातेवाइकांचा हक्क राहणार नाही, याचीही त्यांनी काळजी घेतली. इतरांसाठी पक्क्या इमारती उभ्या राहत असताना कुंताबाई झोपडीत राहत होत्या. १९२३ मध्ये मुलगा गोविंद गेल्याची बातमी आली, तेव्हा बाबा कोकणात कीर्तन करत होते. त्यांनी कीर्तन थांबवले नाही.

पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. यात्रेत चार रात्री उपयोगी पडणारी इमारत विद्यार्थ्यांसाठी वर्षभर उपयोगी पडावी, हा त्यामागचा विचार होता. १९५२ मध्ये श्री गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली आणि संस्थांचे काम एका छत्राखाली आले. आश्रमशाळा, वसतिगृहे यांचा विस्तार नंतर मिशनने केला.

त्यांच्या हयातीत कायदा काय सांगत होता?

इथे गोष्टीला दुसरी बाजू आहे. गाडगेबाबा धर्मशाळा बांधत होते, त्याच काळात मुंबई प्रांतात १९४५ चा भिक्षेकरी कायदा आला. रस्त्यावर भीक मागणाऱ्याला ताब्यात घेऊन संस्थेत ठेवण्याची तरतूद त्यात होती.

६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांचे निधन झाले. त्यानंतर अवघ्या १४ दिवसांनी, २० डिसेंबरला, गाडगेबाबा गेले. अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी गाडीतच त्यांनी प्राण सोडला. घर सोडून ५१ वर्षे झाली होती आणि शेवटही रस्त्यावरच झाला.

तीन वर्षांनी, १९५९ मध्ये, मुंबई भीक मागण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. तो आजही महाराष्ट्रात लागू आहे. त्याची व्याख्या मुद्दाम समजून घेण्यासारखी आहे. हात पसरणारा माणूस तर त्यात येतोच. शिवाय गाणे, नाच, भविष्यकथन, खेळ किंवा वस्तू विकण्याच्या बहाण्याने सार्वजनिक ठिकाणी दान घेणाराही येतो. उपजीविकेचे साधन दिसत नाही आणि भिकेवर जगत असावा असे वाटावे अशा अवस्थेत सार्वजनिक जागी फिरणारा किंवा थांबणारा माणूसही भिक्षेकरी ठरू शकतो.

चिंध्या नेसलेला, डोक्यावर खापर घेतलेला, गावोगाव फिरणारा, गाऊन लोकांना जमवणारा माणूस डोळ्यांपुढे आणा. गाडगेबाबांना कुणी पकडले असते असा दावा इथे नाही. कायद्याने परवानगी दिलेल्या कारणासाठी जमवलेल्या वर्गणीला व्याख्येतून सूट आहे. मात्र त्यांना न ओळखणाऱ्या हवालदाराने केवळ दिसण्यावरून ठरवायचे म्हटले, तर ही व्याख्या त्यांच्या अंगावर नीट बसली असती. वासुदेव, पिंगळा, कसरती करणारे डोंबारी अशा भटक्या समाजांना तर हा धोका प्रत्यक्षात राहिला.

या कायद्यानुसार वॉरंटशिवाय ताब्यात घेता येते. न्यायालयाच्या संक्षिप्त चौकशीनंतर १ ते ३ वर्षे भिक्षेकरीगृहात ठेवता येते. पुन्हा पुन्हा सापडल्यास ही मुदत १० वर्षांपर्यंत जाते. म्हणजे छप्पर मिळते, पण बाहेर पडण्याचे स्वातंत्र्य जाते. धर्मशाळा आणि भिक्षेकरीगृह यांतला मुख्य फरक हाच.

मग बेघरांच्या बाजूचा कायदा कधी आला?

बेघरांना निवारा देणे बंधनकारक करणारा स्वतंत्र केंद्रीय कायदा भारतात नाही. ब्रिटनने १९७७ मध्ये असा कायदा करून स्थानिक प्रशासनावर जबाबदारी टाकली. आपल्याकडे ही वाट मुख्यतः न्यायालयांतून गेली.

१९८५ : मुंबईतील पदपथवासीयांच्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला. पदपथावर कायम राहण्याचा हक्क मात्र मान्य केला नाही. हटवण्यापूर्वी नोटीस आणि म्हणणे मांडण्याची संधी, हे तत्त्व त्यातून पुढे आले.

२०१० : अन्नाच्या हक्काच्या खटल्यात, कडाक्याच्या थंडीत, सर्वोच्च न्यायालयाने शहरांतील निवाऱ्यांबाबत आदेश दिले. १ लाख लोकसंख्येमागे १ निवारा आणि तो वर्षभर, दिवसरात्र सुरू, असे सूत्र ठरले.

२०१३ : राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात शहरी बेघरांसाठी निवारा योजना आली. १ लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांची सोय, माणशी ५० चौरस फूट जागा, पाणी, स्वच्छतागृह, स्वयंपाकाची सोय असे निकष त्यात होते.

२०१८ : दिल्ली उच्च न्यायालयाने १९५९ च्या कायद्यातील भीक मागणे हा गुन्हा ठरवणाऱ्या तरतुदी दिल्लीपुरत्या रद्द केल्या. ज्याला सरकार अन्न आणि निवारा देऊ शकले नाही, त्यालाच शिक्षा कशी करायची, हा त्या निकालाचा गाभा होता. कायदा मूळचा मुंबईचा. तो दिल्लीत निष्प्रभ झाला, महाराष्ट्रात मात्र कायम आहे.

२०२५ : महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने भिक्षेकरीगृहात काम करणाऱ्यांचा मेहनताना दिवसाला ४० रुपये करण्याचा निर्णय घेतला. त्याआधी तो महिन्याला ५ रुपये होता. रक्कम वाढली, पण ताब्यात घेऊन ठेवण्याची मूळ चौकट बदललेली नाही.

किती लोक बेघर आहेत?

२०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७ लाख ७३ हजार लोक बेघर नोंदवले गेले. महाराष्ट्रातील संख्या सुमारे २ लाख १० हजार होती. उत्तर प्रदेशानंतर हा आकडा देशात सर्वाधिक होता. २८ फेब्रुवारी २०११ च्या एका रात्रीत ही मोजणी झाली. एका रात्रीत पुलाखाली, फलाटावर, बंद दुकानाच्या पायरीवर झोपलेला प्रत्येक माणूस सापडणे कठीण असते. त्यामुळे खरी संख्या यापेक्षा मोठी असावी, असे या क्षेत्रात काम करणाऱ्या संस्था सातत्याने सांगत आल्या आहेत. पुढची जनगणना २०२७ साठी जाहीर झाली आहे. निवारे किती हवेत, याचा हिशेब त्या मोजणीवर अवलंबून असेल.

कळससारख्या गावात बेघर कोण?

शहरी निवाऱ्यांची योजना महापालिका आणि नगरपालिकांपुरती आहे. गावात ती लागू होत नाही. गावात बेघर माणूस पदपथावर दिसत नाही, म्हणून तो नाही असे नव्हे. तो वेगळ्या रूपात असतो. भावकीच्या घरात एका खोलीत अडकलेले कुटुंब, गायरानावर पत्र्याचे शेड टाकून राहिलेले लोक, गावठाणात स्वतःची जागा नसलेले भूमिहीन. इंदापूर-बारामती हा उसाचा पट्टा आहे. गळीत हंगामात इथे येणाऱ्या ऊसतोड कुटुंबांचा संसार पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या कोप्यांत असतो.

गावासाठी उत्तर म्हणून घरकुल योजना आहेत. २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) सुरू आहे. तिच्यात सपाट भागात घरासाठी १ लाख २० हजार रुपयांचे केंद्र-राज्य अनुदान ठरले. अनुसूचित जातींसाठी रमाई, अनुसूचित जमातींसाठी शबरी, तर विमुक्त-भटक्यांसाठी यशवंतराव चव्हाण यांच्या नावाची मुक्त वसाहत योजना आहे.

अडचण जागेची आहे. घरकुल मंजूर होते, पण बांधायला स्वतःच्या नावावर जमीन लागते. त्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची जागा खरेदी अर्थसहाय्य योजना आहे. १ जानेवारी २०११ पूर्वीची सरकारी जमिनीवरील निवासी अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरणही राज्याने आणले. दुसरीकडे, २०११ मध्येच जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करण्याचे आदेश दिले. त्यामुळे गायरानावर राहणाऱ्याचे भवितव्य या दोन टोकांमध्ये लटकते.

दुसरी अडचण कागदांची. यादीत नाव, आधार, बँक खाते, जागेचा उतारा, जातीचा दाखला. यातला एक कागद कमी पडला की फाइल थांबते. हंगामभर परजिल्ह्यात असलेले ऊसतोड कुटुंब पाहणीच्या वेळी स्वतःच्या गावात नसते. दोन्ही ठिकाणी राहूनही ते दोन्ही याद्यांतून सुटू शकते.

आज गाडगेबाबांकडून काय घ्यायचे?

गाडगेबाबांच्या शिकवणीचे सार दहा मुद्द्यांत सांगितले जाते. भुकेल्याला अन्न, उघड्याला कपडा, गरीब मुलांना शिक्षण यांच्याबरोबर बेघराला निवारा हा मुद्दा त्यात स्वतंत्र आहे. राज्याने त्यांच्या नावाने २००० मध्ये ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले आणि ते गावोगाव पोहोचले. अमरावती विद्यापीठालाही त्यांचे नाव आहे. खराटा घेतलेले बाबा सगळ्यांच्या ओळखीचे झाले. धर्मशाळा बांधणारे बाबा मात्र त्या मानाने मागे राहिले.

अर्थात, धर्मशाळा हा कायद्याला पर्याय होऊ शकत नाही. देणगी आटली की दान थांबते. हक्क मात्र न्यायालयात मागता येतो. २ लाख लोकांचा प्रश्न वर्गणीतून सुटणारा नाही, त्यासाठी सरकारी तिजोरीच लागते. पण योजना आखताना बाबांच्या कामातील तीन गोष्टी थेट उपयोगी पडतात. निवारा माणूस जिथे अडकतो तिथे, म्हणजे रुग्णालय, स्थानक, बाजार, साखर कारखाना यांच्याजवळ हवा. तिथे आधी आत घ्यायचे, कागद नंतर पाहायचे. आणि आत आलेल्या माणसाला हवे तेव्हा बाहेर जाता आले पाहिजे.

१९५९ चा कायदा यातल्या शेवटच्या गोष्टीवर अडतो. घरकुल योजना दुसऱ्या गोष्टीवर अडखळतात. शहरातील निवारे अनेकदा पहिल्या गोष्टीत कमी पडतात, कारण मोक्याची जागा निवाऱ्यासाठी सोडायला कुणी तयार नसते.

पुढच्या आषाढीत पालखी पुन्हा इंदापूर तालुक्यातून जाईल. शाळांचे दरवाजे उघडतील, पिठलं-भाकरीच्या पंगती बसतील. अनोळखी माणसाला रात्रीपुरता आसरा देणे या भागाला नवीन नाही. पालखी गेल्यावर व्हरांड्यात मागे राहिलेल्या त्या एका माणसालाही हक्काने जागा मिळावी, एवढी तरतूद कायद्यात होणे बाकी आहे.